‘लवकर’चे चार इंग्रजी शब्द आणि ‘जोरात’ची फसगत

बसमधून उतरता उतरता मित्राला फोन केला जातो, “लवकर ये की रे.” हे तीन-चार शब्द इंग्रजीत घालायला गेलं की चार वाटा फुटतात: ‘कम अर्ली’, ‘कम सून’, ‘कम क्विकली’, ‘कम फास्ट’. व्याकरणात चारही बसतात. मात्र पहिल्याचा अर्थ ठरलेल्या वेळेच्या आधी ये, दुसऱ्याचा फार दिवस लावू नकोस, तिसऱ्याचा आता वेळ न घालवता ये, आणि चौथ्याचा पळत किंवा गाडी दामटत ये. पाहुण्याला निरोप देताना ‘कम अगेन फास्ट’ म्हटलं, तर तो बिचारा धावत परत येण्याच्या कल्पनेनेच दमेल.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात ही चूक जरा जास्त चिवट असते, आणि तिचं कारण भाषेतच आहे. मराठीतल्या ‘लवकर’मध्ये हे सगळे अर्थ एकत्र नांदतात. बाजारात, बसमध्ये, कचेरीत कानावर पडणाऱ्या कानडीतला ‘बेग’ही तसाच: वेळेआधी, थोड्या वेळाने आणि झटपट, तिन्हींना चालणारा. उत्तर कर्नाटकातलं ‘लगून बा’ घेतलं तरी तीच तऱ्हा. म्हणजे घरची भाषा आणि शेजारची भाषा दोन्ही एकच सवय लावतात, आणि इंग्रजी नेमकं त्या सवयीच्या विरुद्ध जातं. म्हणून शब्दांची यादी पाठ करून इथे फारसं हाती लागत नाही. आधी मराठी वाक्याला प्रश्न विचारायचा, मग इंग्रजी शब्द उचलायचा.

पायरी १: ‘लवकर’ला प्रश्न विचारा

प्रश्न चार आहेत: कधी? किती वेळाने? किती वेळात? किती वेगाने?

‘कधी?’चं उत्तर घड्याळात किंवा कॅलेंडरात असेल, तर शब्द ‘अर्ली’. नेहमीच्या किंवा ठरलेल्या वेळेच्या आधी. “गाडी १० मिनिटं लवकर आली” म्हणजे ‘द ट्रेन केम टेन मिनिट्स अर्ली’. मिनिटांचा आकडा ‘अर्ली’च्या आधी येतो, मागे नाही. याच जागी “दहा मिनिटांपूर्वी”चा तर्जुमा ‘बिफोर टेन मिनिट्स’ असा करण्याची खोड फार पसरलेली आहे. आत्तापासून मागे मोजायचं असेल तर ‘टेन मिनिट्स अगो’, आणि ठरल्या वेळेपासून मागे मोजायचं असेल तर ‘टेन मिनिट्स अर्ली’. ‘बिफोर’ला पुढे काहीतरी टेकू लागतो: ‘बिफोर द बेल’, ‘बिफोर नाइन’.

‘किती वेळाने?’ म्हणजे आत्तापासून ती गोष्ट घडेपर्यंत मध्ये किती वेळ जाईल. तो थोडा असेल तर ‘सून’. ओळखायची सोपी खूण अशी की मराठी वाक्यात ‘लवकर’ला ‘च’ लावून बघायचा. “पाऊस लवकरच सुरू होईल”, “निकाल लवकरच लागेल”, “लवकरच भेटू”. ‘लवकरच’ जिथे सहज बसतो तिथे दहातल्या नऊ वेळा ‘सून’ बरोबर येतो. ‘शॉर्टली’ही त्याच अर्थाचा, पण इस्तरी केलेला. रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेत गाडी ‘शॉर्टली’ येते, घरच्या बोलण्यात ‘सून’. मात्र ‘शॉर्टली’ म्हणजे ‘थोडक्यात’ नव्हे. “थोडक्यात सांगतो” हे ‘आय विल टेल यू ब्रीफली’ किंवा ‘इन शॉर्ट’. ‘आय विल टेल यू शॉर्टली’ म्हटलं की समोरचा थोडा वेळ वाट बघत बसेल.

‘किती वेळात?’ हा प्रश्न काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचा. इथे ‘क्विकली’. खूण: ‘लवकर’ काढून ‘पटकन’ किंवा ‘झटपट’ घाला. “तिने पेपर लवकर सोडवला” या वाक्यात दोन अर्थ दडलेत. तीन तासांचा पेपर दोन तासांत उरकला असेल तर ‘शी फिनिश्ड द पेपर क्विकली’. घंटा व्हायच्या आधी संपवला एवढंच सांगायचं असेल तर ‘शी फिनिश्ड अर्ली’. मराठी वाचणाऱ्याला संदर्भावरून कळतं. इंग्रजीत मात्र निवड लिहिणाऱ्यानेच करायची असते.

‘किती वेगाने?’ म्हणजे ताशी किलोमीटर, मिनिटाला शब्द, सेकंदाला फेऱ्या. चालू असलेल्या हालचालीची गती. शब्द ‘फास्ट’. भारतीय रेल्वेत ‘सुपरफास्ट’ हा दर्जा ब्रॉडगेजवर सरासरी ताशी ५५ किलोमीटर किंवा अधिक वेग धरणाऱ्या गाडीला मिळतो. तो वेगाचा दर्जा आहे, वेळेवर येण्याचा नव्हे. सुपरफास्ट गाडी तासभर उशिरा आली तरी ती ‘फास्ट’च असते आणि ‘लेट’ही असते.

चारही प्रश्न एकमेकांपासून सुटे आहेत, हे एका प्रवासावरून बघू. पहाटे ५ ला बेळगाव सोडलं: ‘वुई लेफ्ट अर्ली’. हायवेवर धुकं होतं म्हणून ताशी ४० नेच चालवली: ‘वुई डिडन्ट ड्राइव्ह फास्ट’. टोलनाक्यावर रांग नव्हती, सगळं झटपट आटोपलं: ‘वुई गॉट थ्रू क्विकली’. निपाणी आता जवळ आली: ‘वुई विल बी इन निपाणी सून’. चार वाक्यं, चार शब्द, आणि कुठलाही एक दुसऱ्याच्या जागी टाकला तर हकिगतच बदलते.

आता थोडी कबुली. ‘फास्ट’ आणि ‘क्विकली’ यांच्या हद्दी काही ठिकाणी एकमेकांत मिसळलेल्या आहेत. ‘शी लर्न्स फास्ट’ आणि ‘शी लर्न्स क्विकली’ दोन्ही चालतात. मुलं भराभर वाढतात, वेळ भुर्रकन जातो, रोग पसरतो, या ठिकाणीही दोन्ही चालतात. पण क्षणात होऊन जाणारी कृती असेल, तिथे ‘फास्ट’ नको: एक नजर टाकली, मान वळवली, फोन उचलला. त्यात टिकून राहणारी गतीच नसते. ‘ही ग्लान्स्ड क्विकली’ म्हणतात. उलट गाडी, पंखा, नदी, धावपटू यांची गती सांगायची असेल तर आधी ‘फास्ट’ आठवावा.

पायरी २: ‘जोरात’ सोडवून घ्या

‘लवकर’पेक्षाही फसवा शब्द ‘जोरात’. गाडी जोरात, पाऊस जोरात, बोलणं जोरात, मारणं जोरात, धंदाही जोरात. कानडीतही ‘जोर’ असाच सगळीकडे वावरतो, त्यामुळे कान इथेही सावध करत नाही. इंग्रजीत प्रत्येकाचा शब्द वेगळा.

गाडी जोरात चालवतो, मुलगी जोरात पळते: ‘फास्ट’. जोरात बोल: ‘लाउडली’, किंवा नुसतं ‘स्पीक अप’. बॉल जोरात मारला, दार जोरात ढकललं: ‘हार्ड’. पाऊस जोरात पडतोय: ‘इट इज रेनिंग हार्ड’ किंवा ‘हेवीली’. वारा जोरात: ‘द विंड इज ब्लोइंग हार्ड’. गणपतीच्या दिवसांत खडेबाजारात धंदा जोरात: ‘बिझनेस इज ब्रिस्क’. गॅस जोरात ठेवा: ‘ऑन हाय हीट’. ‘रेनिंग फास्ट’ किंवा ‘टॉक फास्ट’ लिहिलं तर व्याकरणाची चूक धरता येणार नाही, पण ‘टॉक फास्ट’ म्हणजे मोठ्याने नव्हे, भराभर बोल. मागच्या बाकावर ऐकू यावं म्हणून वाचणाऱ्याला ‘फास्ट’ सांगितलं, तर तो धडा दोन मिनिटांत उरकून खाली बसेल.

‘हार्ड’ला ‘ली’ जोडण्याचा मोह टाळावा, कारण ‘हार्डली’ म्हणजे जवळजवळ नाहीच. ‘इट रेन्ड हार्ड’ म्हणजे झोडपून काढलं, आणि ‘इट हार्डली रेन्ड’ म्हणजे नावाला चार थेंब. जुलैतल्या खानापूरबद्दल दुसरं वाक्य लिहिलं तर वाचणारा हसेल.

पायरी ३: ‘ली’ कुठे लागतो, कुठे नाही

शाळेत शिकवलेला नियम असा: विशेषणाला ‘ली’ लावला की क्रियाविशेषण. क्विक-क्विकली, रॅपिड-रॅपिडली, स्विफ्ट-स्विफ्टली. हा नियम जिथे मोडतो नेमके तेच शब्द रोज लागतात. ‘फास्ट’ हा विशेषणही आहे आणि क्रियाविशेषणही. ‘अ फास्ट बस’, ‘द बस गोज फास्ट’. ‘फास्टली’ प्रमाण इंग्रजीत नाही, तरी वहीत हमखास दिसतो. हार्ड, लेट, स्ट्रेट हेही ‘फास्ट’च्याच पंगतीतले. ‘लेटली’ शब्द आहे, पण त्याचा अर्थ ‘अलीकडे’. ‘अर्ली’च्या शेवटी ‘ली’ दिसतो म्हणून तो फक्त क्रियाविशेषण असं नाही. ‘ॲन अर्ली बस’मध्ये तोच विशेषण होतो.

‘क्विक’ एकटाच क्रियाविशेषण म्हणून बोलण्यात ऐकू येतो, ‘कम क्विक!’ असा. हाक मारताना ठीक, उत्तरपत्रिकेत ‘क्विकली’ लिहावं. जाता जाता, ‘क्विक मार्च’मधला ‘क्विक’ ऐकून कुणी पळायला लागत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असलेल्या बेळगावात हे सांगायला नको. ती संचलनाची नेहमीची चाल, ‘स्लो मार्च’च्या तुलनेत क्विक. पळण्यासाठी ‘डबल मार्च’ हा हुकूम वेगळा आहे.

स्पेलिंगमध्ये पाच जागी पाय घसरतो. हेस्टी आणि स्पीडी यांच्या शेवटचा वाय जाऊन आय येतो, मग ‘ली’. इमिजिएटचा शेवटचा ई टिकून राहतो आणि त्याच्या पुढे एल-वाय लागतात; ई गाळणं ही सगळ्यांत सर्रास चूक. प्रॉम्प्टलीत पी ऐकू येत नाही म्हणून तो लिहिण्यातून गळतो. सडनलीत डी दोन, एन मात्र एकच. ‘हरिडली’ हा ‘हरीड’वरून बनलेला, त्यात आर दोन.

तुलना करताना ‘फास्टर, फास्टेस्ट’, ‘अर्लिअर’, ‘सूनर’. पण ‘मोअर क्विकली’, ‘मोअर रॅपिडली’. ‘मोअर फास्टर’ म्हणजे चहात दोनदा साखर. ‘व्हेरी फास्टर’ही चुकीचं. “खूपच जास्त वेगाने” म्हणायचं तर ‘मच फास्टर’. आणि ‘टू फास्ट’ हे कौतुक नव्हे. “तो खूप फास्ट धावतो” म्हणून शाबासकी द्यायची असेल तर ‘व्हेरी फास्ट’. ‘टू फास्ट’ म्हणजे नको इतक्या वेगाने, ज्यातून काहीतरी बिघडणार आहे.

पायरी ४: वाक्यात जागा

मराठीत “त्याने पटकन दार लावलं” म्हणताना ‘पटकन’ कर्माच्या आधी बसतो. तीच ओळ इंग्रजीत ओढली की ‘ही क्लोज्ड क्विकली द डोअर’ तयार होतं, आणि ते चूक आहे. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये कुणी शिरलेलं चालत नाही. ‘ही क्लोज्ड द डोअर क्विकली’ किंवा ‘ही क्विकली क्लोज्ड द डोअर’, या दोन नेहमीच्या जागा. ‘फास्ट’ला तर सहसा एकच जागा, शेवटची. ‘ही फास्ट रन्स’ ही थेट मराठी वाक्याची नक्कल. ‘ही रन्स फास्ट’ हवं. ‘सून’ जरा मोकळा आहे. सुरुवातीला, मध्ये, शेवटी कुठेही बसतो, फक्त मध्ये बसवताना मदतनीस क्रियापद असेल तर त्याच्या लगेच नंतर: ‘ही विल सून लीव्ह’.

‘इज, वॉज, सीम्स, लुक्स’ यांच्या मागे वेगाचं क्रियाविशेषण लावू नये, विशेषण लावावं. ‘द सर्व्हिस इज क्विक’, ‘बी क्विक’. ‘बी क्विकली’ नाही.

दहावीच्या मुलांना ‘ॲज सून ॲज’ आणि ‘नो सूनर’ ही जोडी सोडवावीच लागते. मराठीतलं ‘-ताच’ किंवा ‘-ल्याबरोबर’ दिसलं की ‘ॲज सून ॲज’: “बस येताच मी फोन करीन”. गफलत इथे होते की पहिल्या तुकड्यातही ‘विल’ घातला जातो. बरोबर वाक्य ‘ॲज सून ॲज द बस कम्स, आय विल कॉल यू’. ‘विल’ फक्त दुसऱ्या तुकड्यात. ‘नो सूनर’ने सुरुवात केली तर लगेच ‘डिड’ किंवा ‘हॅड’, मग कर्ता, आणि मध्ये ‘दॅन’. ‘नो सूनर… व्हेन’ लिहिलं की गुण गेला. ‘व्हेन’ची जोडी ‘हार्डली’ आणि ‘स्केअर्सली’शी जमते, ‘नो सूनर’शी नाही.

पायरी ५: वेग एकच, चेहरे वेगळे

इथवर अर्थ बरोबर आला. आता छटा. ‘क्विकली’ सगळीकडे चालतो, आणि म्हणूनच सगळीकडे तोच लिहिला जातो.

‘रॅपिडली’ हा बदलाचा शब्द. जे वाढतं, घटतं, पसरतं, बदलतं, त्याला तो शोभतो. मराठीत जिथे ‘झपाट्याने’ येतं तिथे हा: “घटप्रभेचं पाणी झपाट्याने वाढतंय”, ‘द वॉटर इज रायझिंग रॅपिडली’. शहर वाढतं, ताप चढतो, जंगल कमी होतं, सगळीकडे हाच. “झपाट्याने जेवला”ला मात्र ‘क्विकली’ पुरे. मूळ लॅटिन शब्दात हिसकावून नेण्याचा अर्थ आहे. पावसाळ्यात ५२ मीटरवरून कोसळणारा गोकाकचा धबधबा बघितला की तो वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

‘स्विफ्टली’त वेगासोबत सफाई असते, अडखळणं नसतं. ‘स्विफ्ट’ म्हणजे पाकोळी. संध्याकाळी जुन्या इमारतींभोवती भिरभिरते तीच. हात न थरथरता केलेली कृती, न घुटमळता घेतलेला निर्णय: ‘द पोलीस ॲक्टेड स्विफ्टली’. रोजच्या बोलण्यात तो पुस्तकी वाटतो. “मी स्विफ्टली आंघोळ केली” असं इंग्रजीत कुणी म्हणत नाही. ‘स्पीडिली’ आणखी औपचारिक. न्यायनिवाडा, तक्रारनिवारण, आजारातून बरं होणं या कामाचा. बोलण्यात त्याचं विशेषणरूपच जास्त येतं: ‘विश यू अ स्पीडी रिकव्हरी’.

‘ब्रिस्कली’ म्हणजे तरतरीत वेग. सकाळी फिरायला येणाऱ्यांतले जे हात हलवत झपझप चालतात ते ‘वॉक ब्रिस्कली’. धावत नाहीत, रमतही नाहीत.

‘हरिडली’ आणि ‘हेस्टिली’ यांच्यावर जरा थांबायला हवं, कारण दोघांनाही मराठीत ‘घाईघाईने’ म्हणून मोकळं होता येतं. ‘हरिडली’त वेळ कमी आहे. बस सुटणार म्हणून दोन घास कसेबसे पोटात ढकलले: ‘ही एट हरिडली’. यात त्याचा दोष नाही, वेळेचा आहे. ‘हेस्टिली’त विचार कमी आहे. कागद न वाचता सही केली: ‘ही साइन्ड हेस्टिली’. इथे बोलणारा नाक मुरडतोय. मराठीत हा फरक ‘लगबगीने’ आणि ‘उतावीळपणे’ या शब्दांत छान दिसतो, मग तर्जुमा करतानाही तेच दोन मनात धरावेत. स्वतःच्या अर्जात ‘आय हेस्टिली कम्प्लीटेड द प्रोजेक्ट’ लिहिणं म्हणजे आपणच आपलं काम कच्चं असल्याचं कबूल करणं. तिथे ‘क्विकली’, किंवा मुदत पाळल्याचं सांगायचं असेल तर ‘ऑन टाइम’.

‘प्रॉम्प्टली’त दोन गोष्टी. एक, सांगितल्यावर टाळाटाळ न करता: ‘शी रिप्लाइड प्रॉम्प्टली’. दोन, ठोक्याला: ‘द मीटिंग बिगॅन प्रॉम्प्टली ॲट टेन’. ‘इमिजिएटली’ म्हणजे मध्ये काहीही न येता, लागलीच. ‘इन्स्टंटली’ त्याहून टोकाचा, त्याच क्षणी. बटण दाबलं आणि दिवा लागला तो ‘इन्स्टंटली’. बँकेने पैसे परत दिले ते फार तर ‘प्रॉम्प्टली’.

‘सडनली’ या घोळक्यात चुकून येऊन बसतो. त्यात वेग नाही, अनपेक्षितपणा आहे. सावकाश चालणारी गाडीही ‘सडनली’ थांबू शकते. ‘अब्रप्टली’ त्याचा खडबडीत भाऊ: मध्येच, तोडून. “तडकाफडकी राजीनामा दिला” याला ‘क्विकली रिझाइन्ड’ फिकं पडतं. ‘रिझाइन्ड अब्रप्टली’ म्हणावं. आदेशाच्या भाषेत ‘विथ इमिजिएट इफेक्ट’.

पायरी ६: पटकन, पटापट, भुर्रकन

मराठीची खरी श्रीमंती या नादशब्दांत आहे, आणि इंग्रजीत नेताना ती क्रियाविशेषणात मावत नाही. आधी एक फरक. ‘-कन’ आणि ‘-दिशी’वाले शब्द एकाच झटक्याचे: पटकन, चटकन, गपकन, झटदिशी. दुहेरी रूपं अनेक झटक्यांची: पटापट, भराभर, सपासप, दणादण. “पटकन उत्तर दिलं” हे एक उत्तर, ‘क्विकली’. “पटापट उत्तरं दिली” म्हणजे एकामागून एक, म्हणून ‘क्विकली, वन आफ्टर अनदर’. नुसतं ‘क्विकली’ लिहिलं तर निम्मी गोष्ट गळते. निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईची बोटं ‘पटापट’ चालतात. ती ‘पटकन’ चालतात म्हटलं तर एकच विडी डोळ्यांपुढे येते.

भुर्रकन, सर्रकन, धाडकन, मटकन हे मात्र इंग्रजीत थेट क्रियापदाच्या पोटात जातात. चिमणी भुर्रकन उडाली: ‘द स्पॅरो डार्टेड अवे’. बाइक सर्रकन गेली: ‘द बाइक झूम्ड पास्ट’. दार धाडकन लावलं: ‘ही स्लॅम्ड द डोअर’. हातातून झटकन हिसकावलं: ‘ही स्नॅच्ड इट’. चहा गटागट प्यायला: ‘ही गल्प्ड डाउन हिज टी’. अशा क्रियापदाला पुन्हा ‘क्विकली’ जोडायची गरज नसते, ‘डार्टेड’मध्ये वेग आधीच आहे. पक्कं करायची रीत अशी: एक मराठी नादशब्द घ्यायचा, त्यासोबत येणारं नेहमीचं क्रियापद धरायचं, आणि दोन्ही मिळून एकच इंग्रजी क्रियापद शोधायचं. रोज तीन. यादी मोठी करण्यापेक्षा तीच तीन वाक्यं मोठ्याने म्हटलेली बरी.

भरधाव आणि सुसाट यांना ‘ॲट फुल स्पीड’ किंवा ‘ॲट टॉप स्पीड’. तडक म्हणजे वाट न वाकडी करता: ‘स्ट्रेट’. “स्टेशनवरून तडक घरी गेलो” याला ‘आय वेंट स्ट्रेट होम’.

पाककृती लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना. बेळगावी कुंदा करताना दूध “सारखं हलवत राहा” म्हणतात. त्यात वेग नाही, खंड न पडणं आहे. ‘स्टर क्विकली’ लिहिलं तर वाचणारा दोन मिनिटं गरागरा ढवळून बाजूला होईल आणि दूध बुडाला लागेल. ‘स्टर कन्टिन्युअसली’ हवं.

पायरी ७: अर्ज, ई-मेल, फिर्याद

आपल्याकडच्या कचेरी-इंग्रजीत ‘ॲट द अर्लिएस्ट’ फार चालतं, “शक्य तितक्या लवकर” या अर्थाने. भारतात कुणाला खटकत नाही. परदेशी वाचणाऱ्याला मात्र वेगळं ऐकू येऊ शकतं, कारण तिकडे ‘मंडे ॲट द अर्लिएस्ट’ म्हणजे सोमवारच्या आधी तर नाहीच. तुम्ही घाई करताय आणि तो निवांत होतोय, असा घोळ. ‘ॲज सून ॲज पॉसिबल’ सगळीकडे एकाच अर्थाने चालतं. त्याहून उत्तम म्हणजे तारीख लिहिणं: ‘बाय फ्रायडे, ५ पीएम’. तारीख घातली की क्रियाविशेषणाची गरजच उरत नाही. ‘इमिजिएटली’ वरिष्ठाला लिहिताना हुकमासारखा वाजतो. विनंतीत ‘प्रॉम्प्टली’ही नको, ‘सून’ बरा.

अपघाताच्या बातमीतलं “भरधाव” आणि कायद्यातलं ‘रॅश’ एक नव्हेत. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालवण्याचा गुन्हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम २७९ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये आहे. तिथला मुद्दा बेदरकारपणा किंवा निष्काळजीपणा आणि त्यामुळे जिवाला धोका, नुसता वेग नाही. रिकाम्या हायवेवर ‘फास्ट’ जाणारा ‘रॅशली’ जातोच असं नाही, आणि शाळा सुटायच्या वेळी गर्दीत ताशी ३० ने मुसंडी मारणारा ‘फास्ट’ नसला तरी ‘रॅशली’ चालवत असू शकतो. इंग्रजीत जबाब लिहून देताना जे पाहिलं तेच लिहावं. वेग पाहिला असेल तर ‘ॲट हाय स्पीड’, आणि वाहन कसं वळलं, कुठे घुसलं ते वेगळ्या वाक्यात.

हात बसवायला

खालची वाक्यं वाचून आधी मनात प्रश्न विचारा, मग उत्तर बघा. “आज दुकान लवकर बंद केलं”: प्रश्न ‘कधी?’, म्हणून ‘अर्ली’. “दुकान लवकर बंद कर, पाऊस आला!”: किती वेळात, म्हणून ‘क्विकली’. “हे दुकान लवकरच बंद होणार”: ‘सून’. तिन्हींत दुकान तेच आणि ‘बंद’ही तेच. “मलप्रभेचं पाणी झपाट्याने ओसरलं”: ‘रॅपिडली’. “वाचता वाचता तो जोरात हसला”: ‘लाउडली’. “उसाची ट्रॉली जोरात धडकली”: आदळण्याची ताकद आहे, म्हणून ‘हार्ड’. “तो अचानक जोरात पळत सुटला”: ‘सडनली’ सुरुवातीला, ‘फास्ट’ शेवटी.

आणि एक अवघड. “ट्रॅक्टरचं चाक चिखलात घट्ट रुतलं.” इंग्रजीत ‘द व्हील वॉज स्टक फास्ट इन द मड’. ‘फास्ट’चा जुना अर्थ घट्ट, पक्कं, न हलणारं असा होता, आणि काही जोड्यांत तो अजून टिकून आहे. ‘फास्ट अस्लीप’ म्हणजे गाढ झोपेत, ‘होल्ड फास्ट’ म्हणजे घट्ट धर. उपवासाचा ‘फास्ट’ही त्याच मुळाचा, नेम घट्ट धरण्यावरून आलेला. म्हणून चाक इंचभर हलत नसतानाही वाक्यात ‘फास्ट’ येतो.